सापडणे, आढळणे, गवसणे : शोधाच्या क्रियापदांची निवड कशी करावी

प्रश्न असा आहे : ‘मी इतिहास आणि विज्ञान या विषयांवर लेख लिहितो. लेखात “सापडले”, “शोध लागला” ही क्रियापदे इतक्या वेळा येतात की वाचायला कंटाळवाणे होते. त्यांना समानार्थी शब्द कोणते, आणि ते एकमेकांच्या जागी वापरता येतात का?’

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे, कारण शब्दांना तोटा नाही. मिळणे, गवसणे, आढळणे, हाती लागणे, नजरेस पडणे, हुडकून काढणे, उजेडात आणणे, पत्ता लागणे, छडा लावणे, उलगडणे, उमगणे असे पंचवीस-तीस शब्द कोणालाही बसल्या जागी आठवतील. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र ‘फारच थोड्या वेळा’ असे द्यावे लागते. मुद्रितशोधन आणि संपादन करताना माझ्यासमोर येणाऱ्या मजकुरात या क्रियापदांच्या चुका व्याकरणाच्या क्वचितच असतात. बहुतेक वस्तुस्थितीच्या असतात. मराठीत शोधाचे क्रियापद निवडले की ती वस्तू हरवलेली होती की मुळात कोणाला ठाऊकच नव्हती, शोधणारा तिच्या मागावर होता की ती अनपेक्षित समोर आली, आणि श्रेय कोणाचे, हे सगळे त्या एका शब्दाने सांगून होते. कंटाळा टाळण्यासाठी शब्द बदलला की नकळत हकीकतही बदलते.

सुरुवात ‘शोधणे’ आणि ‘सापडणे’ या जोडीपासून करू. ‘मी किल्ली शोधली, पण सापडली नाही’ हे वाक्य आपण सहज बोलतो आणि त्यात विसंगती वाटत नाही, कारण ‘शोधणे’ या शब्दात फक्त खटपट आहे, फळ नाही. फळ दाखवायचे असेल तर ‘शोधून काढणे’ असे संयुक्त रूप घ्यावे लागते. म्हणून ‘शास्त्रज्ञांनी नवा ग्रह शोधला’ हा मथळा आता रुळला असला तरी सावध लेखकाने ‘शोधून काढला’ किंवा ‘नव्या ग्रहाचा शोध लावला’ असे लिहावे. दुसरा फरक कर्त्याचा. ‘शोधणे’ सकर्मक आहे, म्हणून त्याचा कर्ता माणूस असतो. ‘सापडणे’, ‘मिळणे’, ‘गवसणे’, ‘आढळणे’ ही क्रियापदे अकर्मक आहेत आणि त्यांचा कर्ता ती वस्तूच असते. माणूस बिचारा ‘मला’, ‘त्यांना’ असा चतुर्थीत एका कडेला उभा राहतो. लहान मुले पुष्कळदा ‘मी सापडवलं’ म्हणतात. प्रमाण लेखनात ते चालत नाही, पण त्यांची अडचण खरी आहे : यश आपले असताना वाक्यात कर्तेपण किल्लीकडे का जावे?

‘शोधणे’ हा शब्द मुळात ‘शुध्’ या धातूवरून आलेला, म्हणजे स्वच्छ करणे, दोष काढणे. आयुर्वेदातले ‘शोधन’ आणि आमच्या धंद्यातले ‘मुद्रितशोधन’ यांत तो जुना अर्थ आजही टिकून आहे. मुद्रितशोधक काही हरवलेले मुद्रित शोधत नसतो. ‘संशोधन’ या शब्दातही दोन्ही अर्थांची सावली आहे. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी 1910 साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे काम पाहिले तर ते स्पष्ट होते : कागद धुंडाळणे जितके महत्त्वाचे, तितकेच खोटे कागद बाजूला काढणे.

खटपट दाखवणाऱ्या शब्दांत फरक आहे तो खटपटीच्या पद्धतीचा. ‘हुडकणे’ म्हटले की सांदीकोपरे आले, वस्तू कुठेतरी दडलेली असणे आले. दक्षिण महाराष्ट्रात तर रोजच्या बोलण्यात ‘शोधणे’ऐवजी हाच शब्द येतो. ‘धुंडाळणे’ला विस्तार लागतो, म्हणून दफ्तरे, ग्रंथालये, बाजार धुंडाळले जातात, खिसा मात्र चाचपला जातो. मुलूख पिंजून काढतात, रान पालथे घालतात. ‘उकरून काढणे’ जपून वापरावे. त्यात मातीपेक्षा दोषारोप अधिक असतो आणि तो मागे पडलेल्या भांडणांना शोभतो. एखाद्या अभ्यासकाने ‘जुनी पत्रे उकरून काढली’ असे लिहिले तर वाचकाला त्याच्या हेतूविषयीच शंका येईल.

आता फळ दाखवणारे चार शब्द, ज्यांत सर्वाधिक गल्लत होते. ‘रस्त्यात पाकीट सापडले’ म्हटले तर ते बहुधा दुसऱ्याचे असते. ‘पाकीट मिळाले’ म्हटले तर आपले हरवलेले परत आले असे ऐकणारा समजतो. ‘मिळणे’ला शोधाची गरजच नसते. पगार मिळतो, बक्षीस मिळते, जागा मिळते. ‘सापडणे’ला आधी एक तर हरवणे लागते, नाहीतर दडलेले असणे. शिवाय या शब्दाची दुसरी एक बाजू आहे, ती म्हणजे अडकणे : माणूस पावसात सापडतो, कचाट्यात सापडतो, चोर पोलिसांच्या तावडीत सापडतो. ‘गवसणे’ला दीर्घ ध्यास हवा. ‘सूर गवसला’, ‘वाट गवसली’, ‘हरवलेली प्रत अखेर गवसली’ हे शोभते. ‘कपाटात मोजे गवसले’ हे विनोदासाठीच लिहावे. संस्कृत ‘गवेषण’ म्हणजे मुळात गायींचा शोध, आणि ‘गवसणे’ त्याच कुळातले मानले जाते. हरवलेल्या गायीमागे रानोमाळ हिंडण्याची चिकाटी या शब्दाला अजून चिकटून आहे असे मला वाटते, पण हे माझे वाटणे झाले, व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

‘आढळणे’ या तिघांहून वेगळे आहे. ते घटनेपेक्षा अस्तित्वाविषयी बोलते. ‘शेकरू भीमाशंकरच्या जंगलात आढळते’ म्हणजे तेथे त्याचा वावर आहे. कोणी शोधो वा न शोधो. ‘शेकरू भीमाशंकरला सापडते’ असे लिहिले की वाटते, ते कुठून तरी हरवून तेथे आले आहे किंवा दुकानात विकत मिळते आहे. निरीक्षण, पाहणी, तपासणी यांच्या निष्कर्षासाठीही ‘आढळणे’ योग्य, कारण तेथे पाहणाऱ्याच्या दैवापेक्षा पाहिलेल्या स्थितीला महत्त्व असते.

या शब्दांचा कस लावणारे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे : रानपिंगळा. या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी 1873 साली केले. त्याचा खरा म्हणता येईल असा शेवटचा नमुना 1884 सालचा, आणि त्यानंतर शतकभर तो कोणाच्याही दृष्टीस पडल्याची विश्वासार्ह नोंद नव्हती. मध्यंतरी एक नमुना मात्र संग्रहालयात होता, ज्याच्या चिठ्ठीवर तो 1914 साली गुजरातेत मिळाल्याचे लिहिले होते. पुढे अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिले की तो ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्ट्‌झहागन यांनी जुन्याच नमुन्यांतून चोरून, नवी चिठ्ठी लावून आपला म्हणून मांडलेला होता. म्हणजे ‘मिळाला’ हा शब्द चिठ्ठीवर होता, पण तेथे काहीही मिळाले नव्हते, आणि त्या शब्दावर विसंबून शोधणारे भलतीकडे हिंडले. ती खोटी नोंद वगळून उरलेल्या खऱ्या नोंदींच्या आधारे रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शोध घेत फिरले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, त्यांना रानपिंगळा दिसला.

हा प्रसंग लिहिताना ‘रानपिंगळ्याचा शोध 1997 साली लागला’ हे वाक्य चुकीचे ठरते, कारण त्याचा शास्त्राला परिचय 1873 पासून होता. ‘रानपिंगळा 1997 साली पुन्हा सापडला’ हे बरोबर, आणि त्यातला ‘पुन्हा’ हा शब्द टाळता येण्यासारखा नाही. त्यापुढचे वाक्य ‘नंतर तो मेळघाटातही आढळला’ असे हवे. आता तो हरवलेला राहिलेला नाही. प्रश्न फक्त कोठे कोठे राहतो एवढाच आहे. ‘गवसला’ म्हणायचे असेल तर ते त्या अभ्यासकांच्या बाजूने लिहिताना म्हणावे. रानात गुरे चारणाऱ्या स्थानिक माणसाच्या बाजूने पाहिले तर त्या घुबडाला काहीच झाले नव्हते. ते तेथेच होते.

‘शोध’ या नामाभोवतीची क्रियापदे याहून नाजूक आहेत. शोध घेणे म्हणजे प्रयत्न. शोध लागणे म्हणजे फळ, आणि त्यात कर्ता पडद्याआड. शोध लावणे म्हणजे फळ आणि श्रेय दोन्ही. मराठीत नव्याने घडवलेल्या यंत्रालाही ‘शोध’ म्हणतात आणि आधीपासून अस्तित्वात असलेल्या ग्रहालाही ‘शोध’च म्हणतात. हिंदीच्या प्रभावाने काही जण यंत्रासाठी ‘आविष्कार’ लिहू लागले आहेत, पण मराठीत आविष्कार म्हणजे अभिव्यक्ती : कलाविष्कार, भावाविष्कार. ‘विजेच्या दिव्याचा आविष्कार’ वाचून मराठी वाचकाला क्षणभर दिवा नाटकात काम करतो आहे असे वाटते. गरज असेल तेथे ‘तयार केला’, ‘घडवला’, ‘प्रथम बनवला’ असे साधे लिहावे.

‘शोध लावणे’ किती घोटाळा करू शकते याचे उदाहरण विजयदुर्गाचे. हेलियम वायूचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी तो तेथून लावला, असे आपल्याकडे हौसेने सांगितले जाते. त्या तारखेला तेथे हेलियम दिनही साजरा होतो आणि लॉकियर यांनी निरीक्षण केल्याचे सांगितले जाणारे ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात. प्रत्यक्षात काय घडले ते टप्प्याटप्प्याने पाहिले तर प्रत्येक टप्प्याला वेगळे क्रियापद लागते. 1868 च्या त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन हे गुंटूर येथे होते. त्यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट, म्हणजे त्यांचा प्रकाश रंगांत विभागून दिसणारा पट्टा, पाहिला, त्यातल्या तेजस्वी रेषा पाहून त्या ग्रहण नसतानाही दिसतील हे त्यांना उमगले, आणि दुसऱ्या दिवशी तसे त्यांनी पाहिलेही. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती ऑक्टोबर 1868 मध्ये तेथूनच साधली. ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती, ती सोडियमच्या परिचित जोडरेषांच्या जवळ असूनही त्यांच्याशी जुळत नव्हती. ही रेषा ‘आढळली’. ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असावी, असे लॉकियर यांनी ‘अनुमान काढले’ आणि सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. अनेकांना ते पटले नाही. अखेर 1895 साली लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे यांना युरेनियमयुक्त खनिजातून एक वायू ‘मिळाला’, आणि त्याच्या वर्णपटात ती पिवळी रेषा ‘सापडली’.

मग शोध कोणी लावला, केव्हा आणि कोठे? ‘हेलियमचा शोध लागला’ असे लिहून एकच साल दिले तर जवळजवळ तीन दशकांची ही साखळी एका कडीत दडपली जाते. विजयदुर्गाचे नाते खोटे नाही, पण ते वेगळ्या सालाशी आहे : 22 जानेवारी 1898 चे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी लॉकियर तेथे आले होते. तोवर हेलियम प्रयोगशाळेत वेगळा होऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती. स्थानिक अभिमानाला धक्का न लावता हे लिहायचे तर ‘हेलियमचे नामकरण करणाऱ्या लॉकियर यांनी विजयदुर्गाहून 1898 चे सूर्यग्रहण अभ्यासले’ हे वाक्य पुरेसे आहे, आणि ते तितकेच अभिमानास्पद आहे.

लेण्यांच्या बाबतीत हाच प्रश्न श्रेयाचा होतो. 1819 साली जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात खांबावर आपले नाव कोरले. ‘त्याने अजिंठ्याचा शोध लावला’ हे वाक्य पाठ्यपुस्तकी सवयीने येते. आसपासच्या लोकांना लेणी माहीत होती. म्हणून ‘स्मिथच्या दृष्टीस पडली’, ‘त्याच्या भेटीनंतर लेणी जगाच्या नजरेत आली’ असे लिहिले की कोणाचे काही काढून घेतले जात नाही. कोलंबस आणि अमेरिका यांविषयीही हेच, त्यावर अधिक बोलायला नको.

पुरातत्त्वाविषयी लिहिणाऱ्यांनी दायमाबादचे उदाहरण हाताशी ठेवावे. प्रवरेकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा शोध 1958 साली बोपर्डीकर यांनी लावला, आणि येथे ‘शोध लावला’ पूर्णपणे योग्य आहे, कारण टेकाड गावकऱ्यांना दिसत असले तरी त्याखाली काय आहे हे ओळखणारे ते पहिले. त्यानंतर देशपांडे, राव आणि साळी यांच्या नेतृत्वाखाली वेगवेगळ्या काळी उत्खनने झाली. त्यांत घरांचे अवशेष, खापरे, दफने ‘आढळली’. पण दायमाबाद ज्यामुळे सर्वांना ठाऊक आहे ती चार भरीव काशाची शिल्पे, बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची, ती उत्खननात मिळालेली नाहीत. 1974 साली एका स्थानिक रहिवाशाला झुडपाचे मूळ खणताना ती ‘सापडली’. ‘दायमाबादच्या उत्खननात सापडलेली शिल्पे’ असे मी असंख्य वेळा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी खोडले आहे. हा किस पाडणे नव्हे. उत्खननात वस्तू सापडली तर ती कोणत्या थरात होती हे कळते आणि थरावरून काळ ठरतो. ही शिल्पे अशा थरातून नोंद होऊन आलेली नसल्यामुळेच त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. ‘उत्खननात’ हा एक शब्द चुकीने घातला की वाद का आहे हेच वाचकाला समजेनासे होते.

‘लागणे’ या क्रियापदाचे घराणे स्वतंत्र आहे आणि माझ्या मते मराठीचे ते खास वैभव आहे. शोध लागतो, पत्ता लागतो, सुगावा लागतो, छडा लागतो, थांग लागतो, ठावठिकाणा लागतो. विहिरीला पाणी लागते. 1974 साली मुंबईजवळच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाने केलेल्या खोदकामात तेल लागले. या शेवटच्या दोन वाक्यांत ‘सापडले’ घालून पाहा; अर्थ राहतो, पण खोल जात जात एकदाचे टेकल्याची जाणीव नाहीशी होते. नामे बदलली की टप्पा बदलतो : सुगावा म्हणजे पहिली अस्पष्ट खूण, माग म्हणजे पाठलाग करता येईल अशा पाऊलखुणा, छडा म्हणजे शेवट. ‘पोलिसांना खुनाचा सुगावा लागला आणि आरोपीला शिक्षा झाली’ या वाक्यात मधला सगळा तपास गळालेला आहे.

बुद्धीने लागणाऱ्या शोधांसाठी वेगळे शब्द आहेत. गुंता उकलतो, कोडे सुटते, रहस्य उलगडते, मर्म उमगते. ‘उमगणे’ आतून होते, त्याला साक्षीदार नसतो. ‘उलगडणे’ दुसऱ्यासमोरही होऊ शकते. शिलालेखाची लिपी उलगडते, त्यातला विनोद उमगतो.

कचेरीची भाषा या विषयात अनपेक्षितपणे काटेकोर आहे. पंचनाम्यात मुद्देमाल ‘मिळून येतो’. ललित लेखनात हे रूप हास्यास्पद वाटेल, पण त्यात पंचांसमक्ष, त्या जागी, त्या स्थितीत वस्तू होती एवढेच सांगण्याची दक्षता आहे. तपासणी अधिकाऱ्याच्या ‘निदर्शनास येते’, चौकशीत ‘निष्पन्न होते’, गैरव्यवहार ‘उघडकीस येतो’. यातले ‘उघडकीस येणे’ वाईट गोष्टींपुरतेच आहे. ‘कवीची अप्रकाशित कविता उघडकीस आली’ असे लिहिणाऱ्याने त्या कवीवर गुन्हा दाखल केल्यासारखे होते. तेथे ‘उजेडात आली’ हवे. ‘अन्वेषण’ हा शब्द सरकारी खात्यांच्या नावांत स्थिरावला आहे, तो तेथेच असू द्यावा.

बोलींतले शब्द संवादांत निःशंकपणे वापरावेत, निवेदनात विचार करून. सातारा-कोल्हापूरकडे ‘घावणे’, मालवणीत ‘गावणे’. ‘मासो गावलो’ या वाक्यात सापडणे आणि मिळणे दोन्ही एकजीव झालेले आहेत. विदर्भ-मराठवाड्यात आणि आता मुंबईतही ‘पैसे भेटले’, ‘पुस्तक भेटले’ ऐकू येते. प्रमाण लेखनात भेटतात ती माणसे, म्हणून तेथे ‘मिळाले’ लिहावे. पण ‘भेटले’ म्हणणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. त्याच्या बोलीचा तो नियम आहे आणि तो नियम तो बिनचूक पाळत असतो.

राहिला पुनरुक्तीचा प्रश्न. एका परिच्छेदात ‘सापडले’ चार वेळा आले आणि चारही वेळा तेच बरोबर असेल, तर क्रियापदाला हात न लावता वाक्ये जोडा. ‘येथे नाणी सापडली. तेथे मणी सापडले. शेजारी खापरेही सापडली’ या तीन वाक्यांचे ‘येथे नाणी, तेथे मणी आणि शेजारी खापरे सापडली’ असे एक वाक्य होते आणि ‘गवसली’, ‘हाती लागली’ यांची आयात टळते. दुसरा उपाय असा की वस्तू सापडल्याचे एकदा सांगून झाल्यावर पुढच्या वाक्यात तिचे वर्णन सुरू करावे : ‘नाण्यांपैकी बरीच तांब्याची असून त्यांवरची अक्षरे झिजलेली आहेत.’ ती सापडली हे वाचकाच्या लक्षात आहेच. क्रियापद बदलायचेच असेल, तर आधी स्वतःला विचारावे की ही वस्तू कोणी शोधत होते का. ‘नाही’ असे उत्तर आले तर ‘गवसली’ आणि ‘शोधून काढली’ हे दोन्ही पर्याय तेथेच बाद होतात.